चौथरा रिकामा राहत नाही

क्रांतिकारक हयात असेपर्यंत सत्ताधारी वर्ग त्यांचा छळ करतो आणि मेल्यावर त्यांना निरुपद्रवी देव बनवतो, असे लेनिनने ‘राज्य आणि क्रांती’च्या सुरुवातीलाच लिहून ठेवले आहे. १९१७ साली भूमिगत असताना लिहिलेल्या या पुस्तकात रोख होता मार्क्सच्या विचाराच्या अशाच बोथटीकरणावर. पुढे लेनिनचाही देव झाला, पण तो शत्रूंनी नव्हे, सहकाऱ्यांनी केला. नियतीने सूड उगवला म्हणून हा विषय मिटवता येत नाही. देव्हाऱ्याची जागा लेनिनच्या हयातीतच तयार होत होती.

एप्रिल १९१८च्या हुकूमनाम्याने झार आणि त्यांच्या चाकरांचे कलामूल्य नसलेले पुतळे हटवायचे ठरले. त्यांच्या जागी बंडखोर, लेखक, विचारवंत उभे राहणार होते. कांपानेल्ला या इटालियन विचारवंताने कल्पिलेल्या नगरात भिंतीच लोकांना शिकवतात. मॉस्को-पेट्रोग्राडच्या रस्त्यांनीही तसेच शिकवावे, ही लेनिनची इच्छा त्याचा सहकारी लुनाचार्स्की याने नोंदवली आहे. पुतळे टिकावेत असा हट्ट नव्हता. बरेचसे स्वस्त सामग्रीत घडले आणि पावसापाण्यात गेले. मॉस्कोतला फ्रेंच क्रांतिकारक रोबेस्पिएरचा पुतळा तर काही दिवसांतच कोसळला. स्मारक म्हणजे धडा. तो देऊन झाला की त्याचे काम संपले.

पण धड्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय हवी, आणि तीच आक्रसत होती. सत्ता हाती आल्यावर दोनच दिवसांत विरोधी वृत्तपत्रे बंद करण्याचा अधिकार सरकारने घेतला, ‘तात्पुरता’ म्हणून. जानेवारी १९१८मध्ये निवडून आलेली संविधान सभा बरखास्त झाली. मार्च १९२१मध्ये पक्षांतर्गत गटांवरही बंदी आली. यादवी युद्ध आणि उपासमार ही कारणे खोटी नव्हती. तरीही ज्या विचाराशी जाहीर भांडता येत नाही, त्याची पोथी व्हायला वेळ लागत नाही.

२१ जानेवारी १९२४ला लेनिन गेला. आठवडाभरात पेट्रोग्राडचे लेनिनग्राड झाले आणि लाल चौकात लाकडी समाधी उभी राहिली. त्याच्या नावाने स्मारके नकोत. पाळणाघरे, शाळा, ग्रंथालये बांधा, अशी विनंती पत्नी क्रुपस्कायाने ‘प्रावदा’तून केली. ती बाजूला पडली. देह रसायनांनी जतन झाला आणि १९३०मध्ये समाधी ग्रॅनाइटची झाली. पावसात विरघळणाऱ्या धड्यापासून ग्रॅनाइटपर्यंतचा हा प्रवास अवघ्या बारा वर्षांचा.

पुतळा पाडल्यानेही लेनिन उलगडत नाही. डिसेंबर २०१३मध्ये कीव्हमध्ये आणि मार्च २०१८मध्ये त्रिपुरातील बेलोनियात लेनिन खाली आला. कारणे वेगळी, पाडणारे वेगळे. पण वाद दोन्हीकडे चौथऱ्यावर कोण, याचाच होता.

मुंबईत मात्र लेनिन पुतळ्याआधी वादाच्या रूपाने आला. १९०८मध्ये टिळकांच्या शिक्षेविरुद्ध गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची त्याने दखल घेतली होती. १९२१मध्ये तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका काढून दोन मार्ग शेजारी मांडले आणि त्यांची तुलना केली. मॉस्कोत पक्षातले गट बंद झाले, ते वर्षही हेच. लेनिनचा वारसा जपायचा असो वा नाकारायचा, डांग्यांसारखे त्याला कोणासमोर तरी उभे करून तपासणे, एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. तपासात तो हरला तरी चालेल. पूजेत आणि पाडापाडीत त्याचे म्हणणे कोणी ऐकतच नाही.