फुलं गेल्यावरची कुंडी

फुलं दोन-तीन महिने टिकतात, कधी त्याहूनही जास्त. मग एकेक करून गळतात आणि कुंडीत उरतात चार-पाच जाड, चामड्यासारखी पानं, एक वाळका दांडा आणि वाट फुटेल तिकडे निघालेली राखाडी मुळं. नर्सरीत किंवा ऑनलाइन हल्ली जे ऑर्किड सर्रास मिळतं, त्या फॅलेनॉप्सिसचं वर्ष हे असं असतं. थोडे महिने देखणं, उरलेले महिने असं. माझा प्रश्न या उरलेल्या महिन्यांचा आहे. फुलांसाठी विकत घेतलेलं झाड फुलं गेल्यावर टाकून दिलं, तर त्यात काही चूक आहे का?

माझ्या टीममधल्या एका मित्राच्या मते अजिबात नाही. पुष्पगुच्छ चार दिवसांत कचऱ्यात जातो, हे तीन महिने टिकलं, पैसे वसूल. वर तो म्हणतो, "तुझ्या खिडकीतलं झाड काही एकमेव नाहीये. क्लोन आहे तो. अशा हजारो कॉप्या असतील."

या दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्यात अंकुराला पुरेल एवढी शिदोरी नसते. जंगलात एखादी बुरशी त्याला पोसते तेव्हाच ते रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस क्नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या इवल्याशा तुकड्यापासून सिंबिडियम जातीचं ऑर्किड वाढवलं आणि एका झाडापासून हुबेहूब तशीच हजारो झाडं करायची वाट उघडली. एके काळी श्रीमंतांच्या काचघरात राहणारं फूल माझ्या पगारात बसतं ते यामुळे.

आमच्या धंद्यात सर्व्हरबद्दल एक म्हण आहे. त्यांना पाळलेल्या कुत्र्या-मांजरासारखं वागवू नका, गुराढोरांसारखं वागवा. म्हणजे नाव ठेवू नका, नंबर द्या. बिघडला तर उपचार करत बसू नका, बंद करा आणि दुसरा उभा करा. (ही म्हण काढणाऱ्याने आपल्याकडचा गोठा पाहिलेला नसणार. पोळ्याच्या दिवशी सर्जा-राजाला नंबर देऊन दाखव म्हणावं.) सर्व्हरपुरतं ते ठीकच आहे, कारण नवा सर्व्हर जुन्याची जागा पूर्ण भरून काढतो. झाडाचं तसं होत नाही. जनुकं म्हणजे फार तर कोड. कुंडीत जे आहे ती चालू असलेली प्रोसेस आहे. उजेडाकडे कललेली पानं, खिडकीच्या ग्रिलला जाऊन चिकटलेलं एक मूळ, हे त्याच्या कुठल्याच जुळ्या भावंडात नाही.

पण इथेच थांबलो तर ती नुसती माझी माया झाली. ज्याला ती माया वाटत नाही त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू की टाकू नकोस? झाडाला दुखतं असंही मला वाटत नाही. मेथीची जुडी निवडताना मला काही होत नाही, मग ऑर्किडलाच हा मान का?

मला पटणारं उत्तर परावलंबनाशी येऊन थांबतं. फॅलेनॉप्सिसचे रानातले नातेवाईक आग्नेय आशियाच्या जंगलांत झाडांच्या खोडांना धरून, पावसावर आणि दमट हवेवर जगतात. दुकानातलं संकरित झाड मात्र काचेच्या बाटलीत वाढलेलं असतं. त्याला परत नेऊन सोडावं असं जंगलच नाही. माझ्या खिडकीत पाऊस त्याच्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा पाणी म्हणजे मीच. मेथी ताटासाठीच पेरलेली असते. पुष्पगुच्छातली फुलं घरी येण्याआधीच तोडलेली असतात. मुळांसकट घरात आणलेल्या झाडाचं मरण मात्र मी ठरवतो, आणि त्यासाठी माझ्याकडे कारण काय, तर सध्या त्याच्याकडे दाखवायला काही नाही. प्रोजेक्ट संपून बेंचवर बसलेल्या कुणालाही विचारा, हे कारण ऐकताना कसं वाटतं. तुलना ताणलेली आहे, मान्य. झाडाला घराचे हप्ते नसतात. पण माणसाकडे बघायची ती नजर आपण कुठे कुठे गिरवतो, याची मला धास्ती वाटते.

बरं, या जबाबदारीचं ओझंही फार नाही. मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. ते कोरडं असताना चंदेरी दिसतं, भिजलं की हिरवं. चंदेरी झालं की पाणी घालायचं, हिरवं असेल तर हात आवरायचा. कुंडीत माती नको, सालीचे तुकडे हवेत, म्हणजे मुळांना हवा मिळते. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही, शेंडा कुजतो. कोवळं ऊन किंवा भरपूर उजेड पुरतो, दुपारचं कडक ऊन नको. बऱ्याच घरांत हे झाड दुर्लक्षाने कमी आणि लाडाने जास्त मरतं. काहीतरी केल्याशिवाय आपल्याला काळजी घेतल्यासारखं वाटत नाही ना!

पुन्हा फुलण्यासाठी मात्र त्याला गारवा लागतो. काही आठवडे तापमान साधारण २५ अंशांच्या खाली राहिलं की नवा दांडा यायला चालना मिळते. पुण्या-नाशिकच्या थंडीत हे खिडकीजवळ जमून जातं. मुंबईत किंवा कोकणात तेवढा गारवा मिळेलच असं नाही. तिथे उष्ण, दमट हवा मानवणारं डेंड्रोबियम किंवा वांडा घ्यावं. म्हणजे खरा निर्णय फुलं गळल्यावर नाही, विकत घेतानाच होतो. रंग कोणता हे नंतर, आधी आपली खिडकी कशी आहे ते बघायचं.

आणि झाड आलं कुठून, तेही विचारायचं. १८५० मध्ये जोसेफ हूकर यांनी खासी टेकड्यांमधून निळ्या वांडाची सात माणसांची ओझी भरून लंडनच्या क्यू उद्यानासाठी पाठवली. त्यातली फार थोडी झाडं जिवंत पोचली. दुसऱ्या कुणी पाठवलेलं एकच ओझं, तेही खराब अवस्थेत, इंग्लंडमध्ये ३०० पौंडांना विकलं गेलं. आज हा निळा वांडा आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. सह्याद्रीत खोडावर लोंबणारी सीतेची वेणी कुणी ओरबाडून विकायला आणली, तर तिच्या कॉप्या कुठल्या लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या नसतात. मित्राला जे क्लोन कवडीमोल वाटतात, त्यांच्यामुळे निदान रानातली झाडं रानात राहू शकतात.

गेल्या महिन्यात मी आणखी एक झाड घेतलं. नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात फुलं गेलेल्या कुंड्या निम्म्या किमतीत ठेवल्या होत्या. "याला फूल नाहीये बरं का," नर्सरीवाल्या काकांनी मला दोनदा सांगितलं. मी मुळं बघायची आहेत म्हटल्यावर त्यांनी पारदर्शक कुंडी उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "ही नको, आतून कुजलीय. ती पलीकडची घ्या."