कर्त्याचा शोध

एखादे काम नेमकेपणाने होत असलेले दिसले की त्यामागे कोणी कर्ता असलाच पाहिजे, असे मानण्याची आपल्या मनाची घडण आहे. आणि तो दृष्टीस पडला नाही, तर तो अदृश्य आहे असे आपण म्हणतो, पण तो नाहीच असे म्हणायला धजत नाही. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीसाठी जी अनुमाने मांडली, त्यांतील पहिले याच घडणीवर उभे आहे: जे कार्य आहे त्याला कर्ता असतो. त्या अनुमानाचे सामर्थ्य मी जाणतो. तथापि आपल्या शरीरातील कोट्यवधी पेशींच्या केंद्रकांत अहोरात्र चालणारे एक काम असे आहे की, त्याचा बारकाईने विचार करणाऱ्याला कर्ता या कल्पनेचीच फेरतपासणी करणे प्राप्त होते.

जनुकातील मजकूर सलग नसतो, हे १९७७ साली रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांच्या स्वतंत्र संशोधनांतून निष्पन्न झाले. डीएनएच्या मूळ दप्तरावरून आरएनएची जी नक्कल उतरते, तिच्यात कामाच्या मजकुरामध्ये मोठमोठे अन्य मजकूर, म्हणजे इंट्रॉन, घुसलेले असतात. ते छाटून उरलेली टोके जोडली गेल्यावाचून ती नक्कल प्रथिन घडवण्याच्या कामी रुजू होऊ शकत नाही, आणि या छाटणीत एका अक्षराची चूक झाली तरी पुढचा सारा मजकूर निरर्थक होण्याचा संभव असतो. ही छाटणी करणाऱ्या समूहात यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६ हे पाच छोटे केंद्रकीय आरएनए आणि त्यांची सोबत करणारी प्रथिने असतात. मानवी पेशीत या प्रथिनांची संख्या शंभराच्या वर जाते. १९७९ साली मायकेल लर्नर आणि जोन स्टाइट्झ यांनी ही जोडपी वेगळी करून दाखवली, ती ल्युपस या व्याधीने पीडित रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांच्या साह्याने. जे रक्त स्वतःच्याच शरीरावर उलटले होते, त्यानेच शरीराचे हे गुह्य उघड करावे, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

आता कामाची रीत पाहावी. यू-१ हा इंट्रॉनाच्या आरंभाशी जुळतो. यू-२ हा त्याच्या शेवटाजवळ अशा रीतीने जुळतो की तेथील एक ॲडेनोसीन जोडीवाचून बाहेर डोकावत राहते. मग यू-४, यू-५ आणि यू-६ एकत्र येतात. यू-६ला आवरून धरणारा यू-४ निघून जातो आणि यू-६ हा यू-१ची जागा घेऊन यू-२शी गुंततो. त्यानंतरच ते डोकावणारे ॲडेनोसीन आरंभाच्या सांध्यावर आघात करते व इंट्रॉनाचा फास तयार होतो, आणि दुसऱ्या आघाताने दोन्ही कामाची टोके जुळून फास सुटतो. छाटणीची प्रत्यक्ष रासायनिक क्रिया घडवणारे धातूचे अणू यू-६च धरून ठेवतो, हे २०१३ साली सिद्ध झाले. काम संपले की सारा समूह विखुरतो, आणि त्याचेच घटक दुसऱ्या इंट्रॉनावर पुन्हा एकेक करून जमतात. ज्याला स्प्लायसोसोम म्हणतात, ते कामाआधी सज्ज होऊन वाट पाहत बसलेले नसते.

येथे एक जुना वाद आठवल्यावाचून राहत नाही. नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते की रथ म्हणजे दांडा काय, आस काय, की चाके. आणि यांपैकी काहीच रथ नसेल तर रथ हे केवळ व्यवहारातले नाव ठरते. नैयायिकांनी याला कसून विरोध केला: तंतूंहून पट निराळा आहे, अवयवांत समवायाने राहणारा अवयवी हे स्वतंत्र द्रव्य आहे. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा आहे. पण अवयव मात्र आपापल्या गुणधर्मांसह आधीच पूर्ण आहेत, हे दोघेही या दृष्टांतांत गृहीत धरून चालतात.

या गृहीतालाच धक्का देणारे काम बेंगळुरूत झाले आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील उषा विजयराघवन यांनी पूर्वी कॅलिफोर्नियात जॉन एबल्सन यांच्यासमवेत पाव फुगवणाऱ्या यीस्टचे असे प्रकार शोधले होते, की जे बेताच्या उबेत वाढतात, पण ३७ अंशांवर नेताच त्यांची छाटणी अडते. त्यांतील प्रप-१८ या प्रथिनाचा दोष असलेल्या पेशींतून आरएनए काढून पाहिला, तर पहिला आघात झालेला, पण जोड न झालेला अर्धवट माल साठलेला दिसे. म्हणजे प्रप-१८चे काम दुसऱ्या पायरीवर आहे, असा निष्कर्ष १९९० साली निघाला. पुढे बेंगळुरूत त्यांच्या प्रयोगशाळेने दुभंगून वाढणारे दुसरे यीस्ट घेतले, ज्याच्या जनुकांत इंट्रॉनांची पुष्कळच रेलचेल आहे, आणि स्लू-७ व प्रप-१८ या त्याच कुळातील प्रथिनांची तपासणी केली. २०१३ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. येथे पहिल्या आघाताच्याही आधीच छाटणी अडत होती, आणि तीही सर्व इंट्रॉनांची नव्हे, काहींचीच. एकाच घराण्याचे प्रथिन एका संगतीत शेवटची जोडणी सांभाळते आणि दुसऱ्या संगतीत आरंभालाच हवे असते. मग त्याचा स्वभाव कोणता म्हणावा? माझ्या मते उत्तर असे की अवयवाचे कार्य त्याच्या ठायी पूर्वसिद्ध नसते, ते समूहात आणि समोरच्या मजकुराच्या सान्निध्यात ठरते. आणि अवयवी हे द्रव्य नसून घडत असलेले कर्म आहे, कर्म चालू असेतो त्याची सत्ता अगदी खरी आहे. नागार्जुनाची निःस्वभावता याच्या जवळ जाते. पण आमच्या ग्रंथांत हे आधीच होते, असा दावा मी करणार नाही. तसे करणे ग्रंथांवरही अन्याय आहे आणि ज्यांनी रात्री जागून ते यीस्ट वाढवले त्यांच्यावरही. याच संस्थेत शास्त्रज्ञ गो. ना. रामचंद्रन यांनी उत्तरायुष्यात जैनांच्या स्याद्वादाला स्मरून एक तर्कपद्धती बीजगणिताच्या भाषेत रचली होती. प्राचीनाशी नाते जोडायचे तर अशा परिश्रमानेच जोडावे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता तेथे पाचांतला एक आहे, आणि केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याची दृष्टी तेथे सदोष ठरवली आहे. हा विचार केवळ पंडितांच्या चर्चेपुरता नाही, कारण कर्ता शोधण्याची खोड दुःखाच्या वेळी फार निष्ठुर होते. छोट्या केंद्रकीय आरएनएभोवती सात प्रथिनांचे कडे बसवणारे एसएमएन नावाचे प्रथिन आहे. त्याचे जनुक आईबाप दोघांकडूनही सदोष आले तर मुलाच्या मज्जारज्जूतील, स्नायूंना चालवणाऱ्या पेशी नष्ट होत जातात, आणि तीव्र प्रकारात ते मूल बसायला वा मान धरायलाही असमर्थ होते. अशा घरात कोणीतरी मातेच्या पूर्वजन्मीच्या पापाची कैफियत काढतोच. तो कैफियत काढणारा ज्याला धर्म म्हणतो, त्याला मी धर्म मानत नाही. दोन निरोगी माणसांच्या अंगी नकळत वागणारा एक दोष एकत्र आला, यात पाप कोणाचे?

उपायही त्याच छाटणीतून निघाला. या जनुकाची एक जवळजवळ तंतोतंत प्रत बहुतेकांच्या गुणसूत्रात असते, पण एका अक्षराच्या फरकामुळे तिच्या नकलेतून सातवा एक्झॉन, म्हणजे कामाच्या मजकुराचा एक तुकडा, बहुधा गळून पडतो. ॲड्रियन क्रेनर यांच्या संशोधनातून आलेले नुसिनर्सेन हे औषध त्या नकलेवर नेमक्या जागी बसून तो एक्झॉन गळू देत नाही. २०१६च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, आणि जी कधीच बसू शकणार नाहीत असे मानले जात होते, त्यांतील काही मुले आधाराशिवाय बसू लागली.