प्रमाणाबाहेरचे रूप

मूर्ती सुंदर केव्हा म्हणावी, याविषयी ‘शुक्रनीतिसार’ ठाम आहे : शास्त्राच्या मापांत बसते तीच सुंदर. मात्र ज्याचे मन जिथे जडते तेच त्याला सुंदर, असे मानणारेही काही आहेत, हेही हा ग्रंथ नोंदवतो. पंढरपूरचा विठ्ठल या दुसऱ्या पक्षाचा सर्वांत भक्कम दाखला ठरावा.

विष्णुमूर्ती म्हटली की चार हात आणि शंख, चक्र, गदा, पद्म हे ठरलेलेच. विठ्ठलाला हात दोनच, आणि तेही कमरेवर. पाय जुळवून तो विटेवर उभा आहे. पाषाण काळा, अंगलट ठेंगणी आणि ठसठशीत. कानांत मकरकुंडले, मस्तकावरच्या उंच मुकुटात वारकऱ्यांना शिवलिंग दिसते. संतांनी हे वेगळेपण झाकले नाही. वीट, कटीवरचे कर आणि सावळा वर्ण यांचेच वर्णन अभंगांतून पुन्हापुन्हा येते. कारण यातल्या प्रत्येक खुणेला अर्थ आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने वीट पुढे केली आणि देव त्यावर थांबला, ही कथा त्या उभे राहण्यातच सामावली आहे.

माणसाच्या चेहऱ्याबाबत इमॅन्युएल कांट यांनी १७९० मध्ये असाच विचार मांडला. असंख्य चेहरे मनात एकावर एक ठेवले की त्या जातीचा सरासरी नमुना मिळतो. तो निर्दोष असतो, पण त्यात कोणाचे असे काहीच नसते. म्हणून अगदी रेखीव चेहरा बहुधा काहीच बोलत नाही. पुढे फ्रान्सिस गाल्टन यांनी खरोखरच अनेक छायाचित्रे एकत्र छापली, तेव्हा मिश्र चेहरा मूळ चेहऱ्यांहून देखणा निघाला. या प्रयोगाने कांट खोटे ठरत नाहीत. पहिल्या नजरेत सरासरी जिंकते, यात शंका नाही. परंतु तिच्या जागी तशीच दुसरी आली तरी काही बिघडत नाही. ओढ लागते ती अमुक एकाचीच, आणि तो ‘अमुक एक’ ओळखू येतो तो बाकदार नाकामुळे, जाड भुवयांमुळे, हसताना एका बाजूला झुकणाऱ्या ओठांमुळे.

अर्थात नियम मोडला की रूप आकर्षक झाले, असे नव्हे. मूर्तिकाराच्या हातून केवळ चुकलेले माप डोळ्यांना खुपतेच. वेगळेपण मोहक ठरते ते बाकीच्या रूपाशी त्याचे जमले असेल आणि आतले काही त्यातून प्रकट होत असेल तरच.