रुजू होण्याआधीचा महिना

रात्री नऊच्या सुमारास जळगावात पुण्याच्या ट्रॅव्हल्स सुटतात तिथं उभं राहिलं, की सुट्टी संपवून परत निघालेला कोण आणि पहिल्यांदाच निघालेला कोण, हे सामानावरून कळतं. परतणाऱ्याच्या पाठीला एक सॅक असते. नव्याजवळ चाकाची बॅग, चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलेली गादी आणि एक गोणी. गोणीत दादरचं पीठ, कळण्याचं पीठ, बिबडे, घरचा काळा मसाला, आणि हिवाळा असेल तर चार भरताची वांगी. पोचवायला वडील, काका, एखादा मित्र. बस हलायच्या आधी वडील वरच्या खिशातून दुमडलेल्या नोटा काढतात. मुलगा म्हणतो, ‘राहू द्या, आहेत माझ्याकडे.’ नसतात. दोघांनाही ते ठाऊक असतं.

या प्रवासाआधी दोन-तीन वर्षं गेलेली असतात. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले होते. खुल्या प्रवर्गाला परीक्षेची फी हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. पारोळ्याच्या किंवा शिंदखेड्याच्या कोरडवाहू घरात दोन भाऊ एकाच वेळी अर्ज भरत असतील, तर त्या हंगामातला कापूस कुठं गेला हे वेगळं विचारायला नको. मग अभ्यासिकेची फी, मग खासगीकडे वळणं, मग ‘कळवतो’ म्हणून न कळवणाऱ्या मुलाखती. गावात पारावर रोज तोच प्रश्न : ‘नोकरी लागनी का भो?’ काही मुलं त्या प्रश्नापायी घरी जायची वाटच बदलतात.

नोकरी शोधण्याच्या या यातनांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. नोकरी मिळाल्यानंतर पहिला पगार हाती पडेपर्यंत जे तीस-चाळीस दिवस जातात, त्यांच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. घरात तेव्हा पेढे वाटले जात असतात. अशा वेळी पैशाची रड कोण काढणार?

मराठीत नोकरी ‘लागते’. लॉटरी लागते, नंबर लागतो, ठेचही लागते. कागदावर मात्र माणूस ‘रुजू’ होतो. हा रुजू अरबीतून आलेला आणि आपलं ‘रुजणं’ वेगळ्या घरचं, दोघांचं नातं नाही. तरी कचेरीतल्या कारकुनापासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांच्या कानाला ते एकच वाटतात, आणि त्यात त्यांची फारशी चूकही नाही. लागणं आणि रुजणं यांच्यामध्ये एक महिना असतो. तो महिना कोणाच्या खर्चानं काढायचा, हा खरा प्रश्न आहे, आणि खानदेशाला तो नवा नाही.

धुळं शहर मुळात याच प्रश्नाच्या उत्तरातून वाढलं. पेशवाई गेल्यावर, १८१९ च्या सुरुवातीला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं पांझरेकाठच्या या लहानशा गावी नव्या खानदेश जिल्ह्याचं ठाणं आणलं. कचेऱ्या बांधायला कारागीर दूरदूरहून आणावे लागले. पण उजाड मुलखात माणूस येईल कशाला? गॅझेटिअरात याचं उत्तर नोंदलेलं आहे : नव्या वस्तीत घर बांधणाऱ्याला जागा कायमची बिनभाड्यानं मिळाली, आणि पक्कं घर उभारण्यासाठी जुन्या रहिवाशांना तसंच परक्यांनाही आगाऊ रकमा दिल्या गेल्या. इंग्रजांना धुळ्याचा कळवळा होता, असं यावरून कोणी समजू नये. त्यांना सारा वसूल करायचा होता आणि त्यासाठी नांदतं गाव हवं होतं. पण माणूस हवा असेल तर त्याच्या बिऱ्हाडाची सोय आधी करावी लागते, एवढं साधं गणित त्या कॅप्टनला येत होतं. आजही धुळ्यात पत्ता सांगताना गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असं सांगतात. त्या आखीव गल्ल्यांमध्ये बाहेरून आलेल्यांची बिऱ्हाडं वसली.

भुसावळचंही तसंच. रेल्वे आली आणि जंक्शनभोवती वसाहत उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर आयुध निर्माणी आली, पुढं वरणगावला दुसरी, दीपनगरला औष्णिक वीज केंद्र. या सगळ्यांच्या नोकरीबरोबर ‘क्वार्टर’ हा शब्द आला. दोन खोल्या, पुढं पेरूचं झाड, मागं मोरी. मद्रासी, बंगाली, विदर्भातला, कोकणातला, कोणीही ट्रंक घेऊन उतरला, की चार दिवसांत त्याचा पत्ता तयार. क्वार्टरला तोटाही होताच. निवृत्तीच्या दिवशी पेरूच्या झाडासकट सगळं सोडावं लागायचं, आणि तीस वर्षं त्या भिंतींत राहिलेल्या माणसाला गावात स्वतःचं छप्पर नसायचं. पण तो तोटा नोकरीच्या शेवटी यायचा. आता तो पहिल्या दिवशीच येतो.

अमळनेरला १९२४ साली एक नवा मास्तर रुजू झाला. गाव कोकणातलं पालगड, शिक्षण पुण्यात, पांडुरंग सदाशिव साने. प्रताप शेठजींच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या निमित्तानं तो या परक्या मुलखात आला होता आणि मग तिथल्या हायस्कुलात शिकवू लागला. पुढं शाळेच्या छात्रालयाचं काम त्याच्याकडे आलं. साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, त्यांचे कपडे धूत, अंथरुणं आवरून ठेवत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते त्यांच्या मायाळूपणाचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. त्यात आणखी एक गोष्ट आहे. घरापासून तुटलेल्या त्या तरुण मास्तराला छात्रालयानं एक घर दिलं. सहा वर्षांत तो इतका खानदेशी झाला, की १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला तेव्हा त्याची ओळख अमळनेरचा म्हणूनच होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेतली तीही याच कोकणच्या माणसानं. पहिल्या महिन्यात खोलीमालकानं डिपॉझिटसाठी तगादा लावला असता तर काय झालं असतं, हा तर्क इथं करण्यात अर्थ नाही. पण मोह होतो खरा.

आज वाहतूक उलटी आहे. डी.एड. झालेला खानदेशी मुलगा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघरच्या जिल्हा परिषद शाळेत जातो आणि रुजू झाल्यापासून गावाकडे परतायच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. कोकणातले पालक म्हणतात, हे घाटावरचे मास्तर टिकत नाहीत. टिकावं असं काय ठेवलंय त्यांच्यासाठी? वाडीतल्या कोणाच्या तरी माडीवर एक खोली, शनिवारी दुपारी एसटी.

अमळनेरचीच दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी इथं वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तीच पुढं विप्रो झाली. १९६६ मध्ये वडील गेल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्ध्यावर ठेवून परतले. तेलातुपाची कंपनी कॉम्प्युटरकडे वळली आणि बंगळूरला मोठी झाली. अमळनेरच्या ज्यांनी त्या काळी शेअर घेऊन पेटीत ठेवले, त्यांतल्या कित्येकांचे कोटी झाले. हे किस्से गावात अजून सांगितले जातात. थोडक्यात, शेअर गावात राहिले आणि संगणकाच्या नोकऱ्या बाहेर गेल्या. अमळनेरच्या इंजिनिअर पोराला आपल्याच गावात जन्मलेल्या कंपनीत कामाला लागायचं, तर गाडी पकडावी लागते. शिवाय पत्र हाती आलं म्हणजे नोकरी आली, असंही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत याच कंपनीनं वर्षाला साडेसहा लाखांच्या पगारावर निवडलेल्या आणि कित्येक महिने थांबलेल्या नवशिक्यांपुढं साडेतीन लाखांवर लगेच येण्याचा पर्याय ठेवला होता. देशभर त्याची चर्चा झाली. जो मुलगा साडेसहा लाखांचा हिशेब करून खोली बघत होता, त्याच्या गादीची सुतळी बांधायच्या आतच सैल झाली.

आता तो महिना जवळून पाहू. पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र खोली सोडाच, ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे एका खोलीत चार खाटांपैकी एक, एवढंच घ्यायचं तरी डिपॉझिट आधी, चालू महिन्याचं भाडं आधी, मेसचे पैसे आधी. भाडेकराराचा खर्च. कंपनीच्या बसचा थांबा दूर असेल तर रोजची रिक्षा. आठवड्याभरात फॉर्मल बूट. महिन्याच्या मध्यावर रुजू झालेल्याचं नाव बऱ्याचदा त्या महिन्याच्या पगारात चढतच नाही, ते पुढच्यात जातं. म्हणजे घरी ‘पंचवीस हजारांची नोकरी’ म्हणून सांगितलेली असते, आणि तिचा पहिला रुपया दिसायच्या आधी तेवढेच पंचवीस हजार खिशातून गेलेले असतात. ते कुठून येतात? आईच्या पोतीतून, सोसायटीच्या कर्जातून, नाहीतर मामाकडून.

इथं एक मौज आहे. सरकारी नोकराची बदली झाली तर त्याला पदग्रहण अवधी मिळतो, बदलीचा प्रवासभत्ता मिळतो, सामान हलवण्याचा खर्च मिळतो. नियम बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, की बिऱ्हाड हलवायला वेळ आणि पैसा लागतो. पण हीच सोय पहिल्यांदा रुजू होणाऱ्याला साधारणपणे नसते. ज्याच्या खात्यात वीस वर्षांचे पगार जमा झालेत त्याला भत्ता, आणि ज्याच्या खात्यात काही नाही त्यानं आपलं आपण यावं. खासगी कंपन्यांतही हाच न्याय. वरच्या पदावर आलेल्याला स्थलांतराचा खर्च आणि हॉटेलात पंधरा दिवस, ट्रेनीला फक्त वेळेवर यायची सूचना.

सुरतेनं याचं उत्तर वेगळं काढलं. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातून सुरत-भुसावळ लोहमार्ग झाला आणि नंतरच्या काळात यंत्रमाग, साड्यांचे कारखाने, हिऱ्याची कामं यांच्यासाठी खानदेशातून माणसं गेली ती उधना, लिंबायत भागात स्थिरावली. आज तिथल्या गल्लीत अहिराणी ऐकू येते, महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, आणि नवसारीहून खासदार झालेले सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. सुरतेला निघालेला पोरगा डिपॉझिटची चिंता करत नाही. तो चुलत्याच्या खोलीवर उतरतो, पाच जणांत सहावा होतो, पहिला पगार झाल्यावर भाड्यात वाटा देतो आणि दोन वर्षांनी स्वतः कोणाला तरी सहावा करून घेतो. ही व्यवस्था कोणत्याही सरकारनं केलेली नाही. पण तिच्या मर्यादा आहेत. ज्याचा चुलता तिथं नाही त्याला ती बंद. आणि चुलत्याची खोली असते तिथंच नोकरी शोधावी लागते, बरी नोकरी हैदराबादला असली तरी.

मुलींच्या बाबतीत तर क्रमच उलटा लागतो. पगार किती, हे घरी नंतर विचारतात. आधी विचारतात, राहणार कुठं. सहावी खाट तिच्यासाठी नसते. चांगल्या वसतिगृहाची खात्री नाही म्हणून नाकारलेल्या नोकऱ्यांची नोंद कुठल्याही बेरोजगारीच्या आकड्यात होत नाही. नोकरदार महिलांसाठी उद्योगांच्या मदतीनं वसतिगृहं उभारण्याची घोषणा २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली होती. घोषणेला खिडक्या-दारं लागली, की यावलच्या घरातली चर्चा अर्ध्या तासात संपेल.

आधी पैसे द्यायची रीत आपल्याकडे नाही असं नाही. ऊसतोडीला मुकादम ‘उचल’ देतो. साक्री, नवापूरकडून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जाणारी कुटुंबं उचल घेऊनच निघतात, आणि तीच उचल त्यांना हंगामभर बांधून ठेवते. तेव्हा आगाऊ पैसा म्हणजे पुण्यच, असा भाबडा समज नको. प्रश्न अटींचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याच्या पाच हजारांखेरीज सुरुवातीला एकदाच सहा हजार रुपये द्यायचं ठरलं. रक्कम किरकोळ आहे, पुण्यात एका डिपॉझिटलाही पुरणार नाही. पण निघताना खर्च होतो, हे कागदावर कोणीतरी मान्य केलं. कंपन्यांनी पुढचं पाऊल टाकायला हरकत नसावी : निवडीच्या पत्राबरोबर एका पगाराएवढी रक्कम बिनव्याजी द्यावी आणि सहा महिन्यांत कापून घ्यावी. यात दानधर्म काही नाही. दोनशे वर्षांपूर्वीचा तो ब्रिग्जही दानशूर नव्हता.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी गहू मोजतात तो घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. कोण सुरतेला, कोण चाकणला, हे तिथं पाहत नाहीत. आई नाव घेते आणि मूठ सुपात टाकते. रोट भाऊबंदांनी मिळून खायचे असतात, म्हणून त्या शनिवारी पुण्याहून येणाऱ्या गाड्या भरून येतात. जूनमध्ये रुजू झालेल्या मुलाची मूठही सुपात पडलेली असते. तो मात्र प्रोबेशनवर असतो, आणि सोमवारच्या रजेसाठी साहेबांना काय सांगायचं हे त्याचं अजून ठरलेलं नसतं.