काचेचे इमान

घराच्या अंतर्गत सजावटीची चित्रे संगणकावर तयार करणाऱ्या कारागिराला विचारा, सर्वांत अवघड वस्तू कोणती? लाकूड, फरशी, सोफा, पडदा यांपैकी एकाचेही नाव तो घेणार नाही. तो म्हणेल, काच. लाकडाला स्वतःचे रूप असते, रेषा असतात, रंग असतो. काचेला यातले काहीच नसते. ती पलीकडचे दाखवते, अलीकडचे परतवते आणि स्वतः बाजूला राहते. जिचे असणेच दुसऱ्याच्या दिसण्यात आहे तिचे चित्र काढायचे कसे?

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. मला तो नीतीचा वाटतो. का, ते सांगायचे तर आधी काचेचे वागणे थोडे समजून घ्यावे लागेल.

खिडकीच्या साध्या काचेसमोर सरळ उभे राहिले तर तिच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत येतो. दोन पृष्ठे मिळून आठ टक्के. बाकीचा बहुतेक आत जातो. पण तिरके पाहू लागलो की परतणारा प्रकाश वाढत जातो, आणि फारच तिरके पाहिले तर तीच काच आरसा होते. काचेत शिरताना किरण वाकतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो. काचेत लोहाचा अंश असतो म्हणून तिची कड हिरवट दिसते. एवढे सगळे जमले तरच पडद्यावरची काच काच वाटते, नाहीतर ती प्लॅस्टिकचा कागद वाटते.

किरण किती वाकतो याचा नियम युरोपात १६२१ साली स्नेलने मांडला असे आपण शाळेत शिकलो. त्याच्या सहा शतके आधी, ९८४ च्या सुमारास, बगदादच्या इब्न सहलने भिंगांवरच्या ग्रंथात तो भूमितीने मांडला होता. त्यानंतर बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने कैरोत ‘किताब अल-मनाझिर’ लिहिला. डोळ्यातून किरण निघून वस्तूला स्पर्श करतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. इब्न अल-हैसमने ते खोडून काढले. प्रकाश वस्तूवरून निघतो आणि डोळ्यात येतो, हे त्याने प्रयोगांनी आणि युक्तिवादाने दाखवले. आपल्या लोकांना ही नावे भाषणात घ्यायला आवडतात, ग्रंथ मात्र फारसे कुणी उघडत नाही, ते असो. गंमत पुढेच आहे. आजचे चित्र घडवणारे सॉफ्टवेअर पुन्हा युक्लिडच्या वाटेने चालते! ते डोळ्यातून, म्हणजे कॅमेऱ्यातून, किरण बाहेर सोडते आणि तो कशावर आदळतो, कुठे वाकतो, शेवटी कोणत्या दिव्यापर्यंत पोचतो ते पाहते. दिव्यातून निघणाऱ्या असंख्य किरणांतले फारच थोडे डोळ्यापर्यंत येतात. उरलेल्यांचा हिशेब करण्यात वेळ का घालवायचा? १९८० साली टर्नर व्हिटेड यांनी या पद्धतीने काचेच्या गोळ्याचे चित्र केले, तेव्हा त्या काळच्या मोठ्या संगणकाला एका चित्रासाठी सव्वा तासाच्या आसपास वेळ लागला होता. निसर्गाची वाट उलटी चालून निसर्गासारखे चित्र मिळते, यात खोटे काही नाही. हिशेब दोन्हीकडून सारखाच जुळतो.

माझा एक भाचा हाच धंदा करतो. बिल्डर आणि सजावटवाले त्याला नकाशे देतात आणि तो न बांधलेल्या घरांची चित्रे करून देतो. त्याच्या शेजारी बसून हे काम पाहताना मला कळलेली सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की काच खरी दिसावी म्हणून तो बऱ्याचदा काच काढूनच टाकतो.

“मामू, काच ठेवली तर खोली काळी पडते,” तो म्हणाला.

कारण असे. फरशीवरच्या एखाद्या बिंदूवर ऊन पडते का, हे ठरवताना सॉफ्टवेअर तिथून सूर्याकडे एक सरळ रेषा सोडते. वाटेत काच आली की रेषा अडते आणि बिंदू सावलीत धरला जातो. काचेतून वाकून येणारा प्रकाश खरोखर शोधायचा तर लाखो किरण अंदाजाने फेकावे लागतात, रात्रभर संगणक चालू ठेवावा लागतो आणि तरीही चित्रावर पांढरे ठिपके उरतात. म्हणून तो सॉफ्टवेअरला सांगतो : सावलीचा हिशेब करताना काच नाहीच असे समज. डोळ्याला काच दिसते, उन्हाला ती दिसत नाही. त्यासाठी तिथे एक साधे बटण असते.

हे खोटे आहे का? माझ्या मते नाही. खऱ्या खिडकीची स्वच्छ काचही ऊन जवळजवळ सगळे आत सोडते. खोटी वाट धरून कारागीर खऱ्या ठिकाणीच पोचतो. मुळात कोणतेही चित्र उजेडाच्या बाबतीत पूर्ण खरे असू शकत नाही. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो, खोलीच्या कोपऱ्यात शे-दोनशे. डोळा हा फरक सहज पचवतो. पडद्याला किंवा छापील कागदाला तो पेलत नाही. बाहेरचे आकाश दाखवावे तर खोली अंधारी होते, खोली दाखवावी तर आकाश पांढरेफटक होते. काहीतरी दाबावे लागते, काहीतरी उचलावे लागते. ही माध्यमाची लाचारी आहे. लाचारीला कुणी लबाडी म्हणत नाही.

पण त्याच टेबलावर, त्याच बटणांच्या शेजारी दुसरी बटणे असतात. उत्तर दिशा फिरवता येते. महाराष्ट्रात उत्तरेच्या खिडकीतून डिसेंबरात थेट ऊन कधीच येत नाही. चित्रात ते दिवाणखान्याच्या मध्यापर्यंत येऊन पसरते. कॅमेऱ्याचे भिंग रुंद केले की दहा फुटांची खोली पंधरा फुटांची होते. समोरची इमारत पुसता येते, तिच्या जागी टेकडी आणि ढग ठेवता येतात. आपल्या शहरांतल्या फ्लॅटला जे हमखास असते, म्हणजे लोखंडी ग्रिल, वाळत घातलेले कपडे, एसीचा पाण्याचा पाइप, ते चित्रात कधीच नसते. घरात साध्या पांढऱ्या ट्यूबा लागणार हे ठाऊक असूनही भिंतींवर पिवळसर, हॉटेलसारखा उजेड ओतला जातो. आणि ही सगळी चित्रे काच जितकी खरी तितकी जास्त पटतात. खरी बोच इथे आहे. काचेवरचे ते आठ टक्के प्रतिबिंब अचूक आले म्हणून गिऱ्हाईक खिडकीबाहेरच्या टेकडीवर विश्वास ठेवतो. काचेच्या खरेपणाच्या जामिनावर टेकडीचे खोटे खपते.

काचेने नजर फसल्याच्या दोन कथा आपल्या कानावरून गेलेल्या आहेत. एक मयसभेची. दुर्योधनाला स्फटिकाची जमीन पाणी वाटली, त्याने वस्त्र सावरले. पुढे पाण्याला जमीन समजून तो त्यात पडला. पाहणारे हसले, आणि त्या हसण्याचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. दुसरी कथा कुरआनच्या सूरह अन्-नम्लमधली. सबाची राणी, जिला आपण बिल्किस म्हणतो, हजरत सुलैमान यांच्या महालात आली. जमिनीला पाणी समजून तिने वस्त्र वर घेतले. तेव्हा तिला सांगण्यात आले की हे पाणी नव्हे, काच आहे. तो महाल का बांधला होता यावर भाष्यकारांनी पुष्कळ लिहिले आहे. त्यात मी शिरत नाही. मला दिसते ते इतकेच : दोन्ही ठिकाणी कारागिरी अव्वल होती, दोन्ही ठिकाणी नजर फसली, हालचालसुद्धा एकच झाली. एका ठिकाणी फसलेल्याला लोक हसले, दुसऱ्या ठिकाणी तिला लगेच खरे सांगितले गेले. एका घरात वैर वाढले. दुसऱ्या घरात राणीने आपलीच समजूत तपासली.

कुणी म्हणेल, जाहिरातीत एवढे चालायचेच. लोक काय खुळे आहेत? स्वीडनच्या आयकिया कंपनीने २००६ पासून कॅटलॉगात संगणकावर घडवलेल्या फर्निचरची चित्रे छापायला सुरुवात केली, काही वर्षांत ती बहुसंख्य झाली, त्यात कुणाचे काय बिघडले? काहीच नाही, कारण ती खुर्ची दुकानात आहे. जाऊन बसून पाहता येते, चित्राशी ताडून घेता येते. न बांधलेल्या घराला ही सोय नाही. चित्र हाच एकमेव साक्षीदार असतो आणि त्याच्या साक्षीवर माणूस वीस वर्षांच्या हप्त्यांवर सही करतो. मदिनेच्या बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला पैगंबरांनी विचारले की ओले वर का नाही ठेवलेस? त्या व्यापाऱ्याने कोरडे धान्य खोटे आणले नव्हते. वरचे प्रत्येक दाणे खरे होते. त्याने फक्त मांडणी केली होती.

कायद्यानेही हे ओळखले आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचे बारावे कलम सांगते की जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान सोसले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावी; खरेदीदाराला व्यवहार सोडायचा असेल तर पैसे व्याजासह परत करावेत. चांगली तरतूद आहे. पण चित्राच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कलात्मक कल्पनाचित्र’ असे छापले की बिल्डरला हायसे वाटते. आणि चित्र करणारा पोरगा तर कायद्याच्या हिशेबातच नाही. त्याला चित्रामागे ठरलेले पैसे मिळतात. टेकडी त्याने स्वतःच्या मनाने घातलेली नसते.

मग जबाबदारी कुणाची? भाच्याशी यावर माझा वाद झाला. तो म्हणाला, “मामू, मी नाही केले तर शेजारचा करेल. माझा धंदा जाईल, टेकडी तिथेच राहील.” हे उत्तर मला पटत नाही, पण ते हलके करूनही चालणार नाही. घर त्याच्या कमाईवर चालते. ज्याची चूल आपण पेटवत नाही त्याला हलाल रोजीवर व्याख्यान देणे सोपे असते. मी त्याला एवढेच विचारले, की तुझ्या आपाने हा फ्लॅट घ्यायचा ठरवला तर तिला हे चित्र दाखवशील का? तो म्हणाला, तिला मी साइटवर घेऊन जाईन. म्हणजे फरक त्याला ठाऊक होता. पुढे त्याने एका बिल्डरला समोरची इमारत पुसायला नकार दिला आणि ते काम गेले. दुसऱ्याने कुरकुर करत इमारत ठेवू दिली, फक्त तिला नवा रंग द्यायला लावला.

एक गोष्ट मात्र या चित्रांत कुणीच दाखवत नाही, कारण ती कुणी मागत नाही. रात्र. दिवसा काच आपल्या बाजूची असते. आपण बाहेर पाहतो, बाहेरच्याला बहुधा आकाशाचे प्रतिबिंब दिसते. दिवे लागले की काच बाजू बदलते. आतल्याला ती आरसा होते आणि बाहेरच्याला उघडे दार. भिंतभर काचेच्या दिवाणखान्यात रात्री नऊ वाजता जेवायला बसलेले कुटुंब समोरच्या इमारतीतून ताटातल्या भाजीसकट दिसते. जुन्या बांधकामात यासाठी जाळी होती. औरंगाबादच्या, आता छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळ्या पाहाव्यात. उजेड आणि वारा आत, नजर बाहेर. आपल्या घरांत आजही पडदा आधी येतो, सोफा नंतर. पण चित्रात पडदे नेहमी बाजूला सारलेले असतात.

भाचा हल्ली, गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे आले असेल तर, एक चित्र जास्तीचे करून देतो. त्याचे पैसे घेत नाही. खोली तीच, वेळ रात्रीची, दिवे लावलेले आणि कॅमेरा बाहेर, समोरच्या गॅलरीत ठेवलेला. बरेच जण ते पाहून थोडा वेळ गप्प बसतात. मग घरातली बाई विचारते, पडद्याचे माप किती धरायचे.