मोगरा नसलेला मोगरा

पुण्यातल्या बोहरी आळीत मेण, वाती, सुगंधी तेलं सगळं मिळतं. तिथून आणलेल्या स्वस्त 'मोगरा' तेलात मोगऱ्याचं फूल नसतं. मग मेणबत्तीवर 'मोगरा' लिहिणं खोटं ठरतं का?

मला नाही वाटत. मोगऱ्याच्या वासातला एक महत्त्वाचा घटक बेंझिल अ‍ॅसिटेट. फुलातला त्याचा रेणू आणि कारखान्यातला रेणू सारखाच. फुलात असे कित्येक रेणू असतात, म्हणून बाटलीतला मोगरा जरा सपाट वाटतो, इतकंच. १०० ग्रॅम सोया मेणात ८ ग्रॅम तेल घालते, आठवडाभर मुरू देते, मग पेटवून बघते. वास मोगऱ्याचाच येतो.

पण ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, "नॅचरल आहे ना?" इथे खरी परीक्षा. 'मोगरा' हा शब्द वासाबद्दल बोलतो, 'नैसर्गिक' हा उगमाबद्दल. वास त्यांचं नाक तपासू शकतं. उगमासाठी त्यांच्याकडे फक्त माझा शब्द असतो. शिवाय खऱ्या फुलांचा अर्क काढणाऱ्यांच्या कष्टांची किंमत मी एका शब्दात फुकट उचलणार.

म्हणून लेबलवर लिहिते: 'मोगऱ्याचा वास, कृत्रिम'. ते वाचून काही जणी डबी परत ठेवतात. तो त्यांचा हक्कच आहे.