दुफळीचा दोष कोणाचा?

एखाद्या माणसामुळे लोकांची मते दोन टोकांना गेली की इंग्रजीत त्याला ‘पोलरायझिंग’ म्हणतात. आपली वृत्तपत्रे ‘ध्रुवीकरण करणारा’ लिहितात आणि बोलताना आपण सरळ ‘फूट पाडणारा’ म्हणतो. फूट पडली, ही घटना. ती याने पाडली, हा आरोप. हे विशेषण दोन्ही एका दमात सांगून मोकळे होते, आणि त्या माणसाचे म्हणणे खरे होते की खोटे, न्याय्य होते की अन्याय्य, हे तपासायचे राहून जाते. नैतिक निवाडा म्हणून हे विशेषण वापरणे मला म्हणूनच चूक वाटते.

१२ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी बर्मिंगहॅम शहरातील वर्णभेदविरोधी निदर्शने अविचारी आणि अवेळी असल्याचे पत्रक काढले. दाद न्यायालयात मागावी, रस्त्यावर नव्हे, असा त्यांचा सल्ला होता. त्याच दिवशी अटक झालेले निदर्शनांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून उत्तर लिहिले, त्याचा गाभा असा: तणाव आम्ही निर्माण केलेला नाही, दडपलेला होता तो उघड्यावर आणला. हे खरेच होते. जिथे उपाहारगृहापासून शाळेपर्यंत सारे कातडीच्या रंगावर विभागलेले होते, त्या शहराला निदर्शनांपूर्वी एकसंध म्हणायचे तरी कसे? गॅलपच्या पाहणीत १९६६ साली ६३ टक्के अमेरिकनांचे मत किंग यांच्याविरुद्ध होते. २०११ मध्ये ९४ टक्के अनुकूल होते. आजचा आदर किंग यांना मवाळ करून घेतल्यावरचा आहे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तरीही किंग यांचे शब्द तेच राहिले, बदलले ते ऐकणारे. त्या काळची दुफळी किंग यांच्याइतकीच, किंबहुना अधिकच, त्यांच्या श्रोत्यांविषयी सांगते.

यावर गंभीर आक्षेप असा, की द्वेष पसरवणाराही हीच ढाल पुढे करेल: मी फक्त लपलेले उघड केले. आक्षेप टाळता येणार नाही, कारण खोट्या अफवांनी शेजाऱ्यांना एकमेकांवर घालणारे आहेतच. पण त्यांचा दोष खोटेपणात आणि क्रौर्यात आहे, मते दुभंगण्यात नाही. तेव्हा आरोपही त्याच नावाने व्हावा. शिवाय एक कसोटी हाताशी आहे. बोलणारा विरोधकाला उत्तर द्यायला, मत बदलून इकडे यायला जागा ठेवतो का, की जन्मावरूनच त्याला कायमचा पलीकडे ढकलतो?

ही कसोटी डॉ. आंबेडकरांना लावून पाहा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना आपल्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून बोलावले. मंडळ जातिविरोधीच, तरी वेद आणि धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावरील हल्ला त्याला पेलला नाही. आंबेडकरांनी भाषणातला स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि अधिवेशन बारगळले. त्यांचा मुद्दाच असा होता, की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. म्हणजे फूट आधीच पडलेली, तीही जन्मावर. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधींनी त्यावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका आपल्या उत्तरासह छापली. दोघांचे म्हणणे एकाच पुस्तकात वाचून कोणाची बाजू घ्यायची, हे त्यांनी वाचकावर सोपवले.